भोकाला भोक जुळवत विमान

विमान घरी येतं ते खोक्यांतून. खोकी उघडली की आत अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे, वाकवून तयार केलेल्या फासळ्या, पिशव्यांत भरलेले हजारो रिव्हेट आणि आराखड्यांचा गठ्ठा. इंजिन, पंखा आणि कॉकपिटमधली उपकरणं वेगळी विकत घ्यायची. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या ऑरोरा इथून व्हॅन्स एअरक्राफ्ट ही कंपनी जगभर अशी खोकी पाठवते. हौशी माणसांनी ती जोडून हवेत नेलेल्या ‘आरव्ही’ विमानांची संख्या ११ हजारांच्या पुढे गेली आहे.

आरव्ही ही संस्थापकाच्या नावाची आद्याक्षरं: रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन. या अभियंत्याने १९६०च्या दशकात स्टिट्स प्लेबॉय नावाचं छोटं विमान घेतलं आणि त्याला स्वतः आखलेले अॅल्युमिनियमचे पंख बसवले. पुढे त्याने एका आसनाचं आरव्ही-३ पूर्णपणे आपल्या आराखड्यावर बांधलं आणि १९७२ साली ते विस्कॉन्सिनमधल्या ओशकोशच्या मेळाव्यात नेलं. पॉल पोबरेझनी यांनी १९५३ मध्ये सुरू केलेल्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचा हा वार्षिक मेळावा म्हणजे घरी विमानं बांधणाऱ्यांची पंढरी. तिथे आलेल्यांनी आराखडे मागितले आणि धंदा उभा राहिला. आजचं दोन आसनी आरव्ही-७ सपाट उड्डाणात ताशी ३०० किलोमीटरच्या वर पळतं, आणि तरी उतरताना शंभरच्या खाली वेग आणता येतो.

घरी बांधलेल्या विमानाला अमेरिकेत कायद्यानेच जागा दिली आहे. बांधणीचा निम्म्याहून मोठा भाग हौशी माणसाने स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी केला असेल, तर विमानाला ‘एक्सपेरिमेंटल’ गटात परवाना मिळतो. यालाच सगळे ५१ टक्क्यांचा नियम म्हणतात. म्हणून कंपन्या संच फार पुढेपर्यंत जोडूनही देऊ शकत नाहीत.

काम सहसा शेपटीपासून सुरू होतं. तो भाग लहान, स्वस्त, आणि हात बसायला बरा. त्यानंतर पंख, मग धड. दोन गाड्यांच्या गॅरेजमध्ये हे सगळं एकेक करून मावतं. पंख धडाला कायमचे लागतात ते विमानतळावर नेल्यावर.

एका रिव्हेटची कहाणी पाहिली तरी कामाचा अंदाज येतो. पत्रा फासळीवर ठेवून भोकांत क्लेको अडकवायचे. क्लेको म्हणजे स्प्रिंगचा तात्पुरता चिमटा; लहान भोकांसाठी चंदेरी, त्याहून मोठ्यांसाठी तांबूस. भोक अंतिम मापाचं करायचं, क्लेको काढायचे, पत्रा सुटा करायचा आणि प्रत्येक भोकाच्या कडेची बर, म्हणजे उठलेली धारदार किनार, काढायची. रिव्हेटचं डोकं पृष्ठभागाशी समतल बसावं म्हणून भोकाभोवती खळगी दाबायची. मग पुन्हा सगळं जोडायचं. एकाने बाहेरून हवेच्या दाबावरची रिव्हेट गन चालवायची, दुसऱ्याने आतून पोलादी ठोकळा घट्ट धरायचा. आत चेपलेलं डोकं रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मं उंच हवं. वाकडं बसलं तर ड्रिलने काढून नवा रिव्हेट. ठोकळा धरायला बरेचदा नवरा, बायको किंवा पोरांपैकी कोणी तरी हाताशी लागतं.

पूर्वी ही भोकं कुठे पाडायची तेही बांधणाऱ्यालाच आखावं लागे. सगळे भाग सरळ रेषेत धरून ठेवणारा सांगाडा आधी उभारायचा, मग मोजमापं. संगणकावर चालणाऱ्या पंचिंग यंत्रांनी हा खटाटोप संपवला. आरव्ही-७च्या पिढीपासून पत्र्याचं भोक फासळीच्या भोकावर आपोआप बसू लागलं, आणि भोकं जुळली की आकारही बरोबर येऊ लागला. तरीही साध्या संचाला दीड-दोन हजार तास सहज लागतात. नोकरी सांभाळून करणाऱ्यांची त्यात वर्षं जातात.

याच भोकांनी पुढे कंपनीला अडचणीत आणलं. कोविडच्या काळात मागणी इतकी वाढली की पंचिंग यंत्रं पुरेनात, म्हणून काही भाग लेझरने कापून घेतले. लेझर जिथे भोकाची कापणी सुरू करून संपवतो, तिथे कडेवर बारीकशी खाच राहिली. खळगी दाबताना काही भोकांना तिथूनच तडे जाऊ लागले. २०२३ मध्ये भाग बदलून देण्याचा खर्च वाढला, इतर अडचणींची भर पडली आणि डिसेंबरमध्ये कंपनीने दिवाळखोरीचं कायदेशीर संरक्षण घेतलं. किमती वाढवून, जुने करार नव्याने करून २०२४ मध्ये ती त्यातून बाहेर आली. लेझरचे भाग आधीच रिव्हेट करून बसलेल्यांपुढे मात्र प्रश्न होता: झालेलं काम उचकटायचं की तसंच ठेवायचं?

मुंबईत कॅप्टन अमोल यादव यांच्या हाताशी असा संच नव्हता. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर त्यांनी स्वतःच्या आराखड्याचं सहा आसनी विमान उभं केलं. २०१६ मध्ये ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं. नोंदणी मिळायला मात्र २०१७चा नोव्हेंबर उजाडला. त्यासाठी त्यांना अनेक वर्षं सरकारदरबारी खेटे घालावे लागले.

अमेरिकेतल्या हौशी माणसाची खरी परीक्षा परवान्यानंतर सुरू होते. सहसा पहिले २५ ते ४० तास विमान ठरलेल्या टापूतच उडवून तपासायचं, प्रवासी घ्यायचा नाही. तिथल्या वाहतूक सुरक्षा मंडळाने २०१२च्या अभ्यासात दाखवून दिलं की घरी बांधलेल्या विमानांचे बरेच अपघात याच सुरुवातीच्या उड्डाणांत होतात. इंजिन बंद पडतं किंवा ताबा सुटतो. २०१४ पासून या चाचण्यांत दुसऱ्या पात्र वैमानिकाला सोबत बसवायची मुभा आहे. अनेकजण त्याआधी त्याच प्रकारच्या दुसऱ्या आरव्हीत प्रशिक्षकाबरोबर सराव करून येतात, आणि मगच आपलं विमान धावपट्टीवर घेतात.