हातातलं यंत्र (भाग ११) : इथे पुसलं, तिथेही गेलं

‘फोटो गुगलला गेलेत, आता फोनमधले उडवले तर चालेल ना?’ ही लेखमाला सुरू झाल्यापासून वाचकांनी सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हा. उत्तर ‘हो’ आहे आणि ‘नाही’ही आहे. कोणत्या ॲपमधून, कोणतं बटण दाबून उडवता, त्यावर ते ठरतं. आणि ते तसं का ठरतं हे एकदा कळलं, की बटणांची नावं दर वर्षी बदलली तरी फारसं बिघडत नाही.

फोटो सांभाळणाऱ्या सेवा दोन वेगळी कामं करतात आणि दोन्ही एकाच नावाखाली विकतात. पहिलं काम प्रत ठेवण्याचं, म्हणजे बॅकअप. दुसरं काम सगळ्या यंत्रांवर एकच चित्र दाखवण्याचं, म्हणजे सिंक. गोंधळ होतो तो दुसऱ्यामुळे.

समजा, एकाच खात्याला एक फोन आणि एक टॅब जोडलेला आहे. फोनमध्ये १०० फोटो, टॅबमध्ये ९९. आता सर्व्हरने काय समजायचं? शंभरावा फोटो फोनवर नुकताच काढलाय आणि टॅबवर पोचायचा राहिलाय, की तो टॅबवर कुणी मुद्दाम पुसलाय आणि आता फोनवरूनही काढायचाय? दोन्ही याद्या शेजारी ठेवून कितीही वेळ बघितल्या तरी हे कळणार नाही. म्हणून सिंक करणारी यंत्रणा पुसण्याचीही नोंद करून ठेवते: अमुक फोटो, अमुक वेळी, पुसला. फोटो गेला तरी ही नोंद मागे राहते आणि खात्याला जोडलेलं प्रत्येक यंत्र जागं झालं की तिच्याप्रमाणे वागतं. महिनोन्‌महिने कपाटात पडलेला टॅब चार्ज करून सुरू केला, की थोड्या वेळात त्यातूनही तो फोटो नाहीसा होतो, तो यामुळे. यंत्रणा बिघडलेली नसते. तिला सांगितलेलं काम ती चोख करत असते.

आपल्याला वाटतं, आपण फक्त पासबुक फाडतोय. पैसे बँकेत आहेतच. सिंक चालू असताना मात्र पुसणं म्हणजे खात्यातूनच पैसे काढणं असतं.

आता गुगल फोटोजचंच घेऊ, कारण अँड्रॉइड फोनवर ते आधीपासून बसवलेलं येतं. त्या ॲपमध्ये फोटो उघडून कचऱ्याच्या डब्याचं चिन्ह दाबलंत, तर तो फोनमधूनही जातो आणि गुगलच्या साठ्यातूनही. बॅकअप झालेला फोटो ‘ट्रॅश’मध्ये ६० दिवस राहतो, बॅकअप न झालेला ३०. तेवढ्या मुदतीत परत आणता येतो, नंतर नाही. त्याच ॲपमध्ये फक्त फोनमधली प्रत काढण्याचा वेगळा पर्याय आहे, पण तो मेनूमध्ये आत दडवलेला. तिसरं ‘फ्री अप स्पेस’ हे बटण: ज्यांची प्रत गुगलकडे पोचली आहे तेवढेच फोटो ते फोनमधून काढतं. प्रश्न विचारणाऱ्या बहुतेकांना हवं असतं ते हे तिसरं, आणि दाबलं जातं ते पहिलं.

‘गेलेत’ म्हणजे नक्की काय गेलंय, हेही आधी पाहावं. बॅकअप चालू केला की आपोआप जातं ते कॅमेऱ्याने काढलेलं. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो, स्क्रीनशॉट, डाउनलोड केलेल्या फाइली यांची फोल्डरं वेगळी असतात आणि प्रत्येकाचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो. आपल्याकडच्या कितीतरी घरांत लग्नाचे, बारशाचे, सहलीचे बरेच फोटो कुणीतरी ‘ग्रुपवर टाकलेले’ असतात, स्वतः काढलेले नसतात. फोन पाण्यात पडला की गुगलवर आपण काढलेले कोपरे सापडतात आणि आपण ज्यात दिसतो ते फोटो नसतात. तरीही हे फोल्डर सरसकट चालू करा असं मी म्हणणार नाही. त्याच वाटेने रोजचे ‘शुभ सकाळ’वाले सूर्योदयही वर जाऊन बसतात.

एकाच फोटोच्या दोन-तीन प्रती का जमतात, त्याचंही उत्तर इथेच आहे. ॲप प्रत्येक फाइलच्या आकड्यांवर गणित करून तिचा एक छोटा ठसा काढतं, त्याला हॅश म्हणतात. तोच ठसा आधी साठ्यात असेल तर फाइल पुन्हा पाठवली जात नाही. पण व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं. डोळ्यांना तोच गणपती दिसतो, आकडे मात्र वेगळे, म्हणून ठसाही वेगळा. यंत्राच्या लेखी हा नवा फोटो.

आयफोनवाल्यांसाठी सापळा आणखी खोल आहे. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर फोनमधली लायब्ररी आणि आयक्लाउडमधली लायब्ररी एकच. फोनवरून काढलेला फोटो आयक्लाउडमधून आणि त्या खात्याच्या आयपॅडमधूनही जातो; ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये ३० दिवस थांबतो एवढाच दिलासा. बरेच जण हुशारीने आयक्लाउड आणि गुगल फोटोज दोन्ही चालू ठेवतात: एक बुडालं तर दुसरं आहे. मग फोन भरला की गुगल फोटोजमधलं ‘फ्री अप स्पेस’ दाबतात. ते फोनच्या लायब्ररीतून फोटो काढतं, आणि आयक्लाउड ते काढणं इमानेइतबारे आपल्याकडेही उतरवून घेतं. दोन जागी असलेला फोटो एकाच जागी उरतो. आयफोनवर जागा हवी असेल तर सेटिंगमधलं ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ चालू करावं. मूळ फोटो आयक्लाउडमध्ये राहतो आणि फोनमध्ये त्याची लहान आवृत्ती. पण त्यासाठी मुळात आयक्लाउडमध्ये जागा लागते. फुकट मिळते ती ५ जीबी. २०११ मध्ये आयक्लाउड सुरू झालं तेव्हाही ती ५ जीबीच होती. त्या वर्षीच्या आयफोन ४एसचा कॅमेरा ८ मेगापिक्सेलचा होता. २०२२ च्या १४ प्रोचा ४८ मेगापिक्सेलचा. यावर वेगळं काही म्हणायला नको.

गुगलकडे राहिलेली प्रत कशी आहे, हेही ‘फ्री अप स्पेस’ दाबण्यापूर्वी बघावं. ‘स्टोरेज सेव्हर’ निवडलेलं असेल तर १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा फोटो लहान केला जातो आणि व्हिडिओ १०८०पीवर उतरवला जातो. फोनमधलं मूळ काढून टाकल्यावर तुमच्याजवळ उरते ती ही दाबलेली आवृत्ती. फोनवर पाहायला ती पुरते, मोठ्या फ्रेमसाठी छापताना फरक दिसू शकतो. मुलाच्या पहिल्या पावलांचा व्हिडिओ मात्र ‘ओरिजिनल’मध्येच ठेवावा, हे माझं मत. व्हिडिओची जेवढी माहिती एकदा टाकून दिली जाते, ती पुढे कोणतंही सॉफ्टवेअर खरोखर परत आणू शकत नाही.

आता जागेचा हिशोब. गुगल फोटोज २०१५ च्या मे महिन्यात आलं ते दाबलेल्या प्रतींना अमर्याद फुकट जागा देत. १ जून २०२१ पासून ते बंद झालं आणि नवे फोटो १५ जीबीत मोजले जाऊ लागले. हा बदल जाहीर करताना गुगलने आकडे दिले होते: साठ्यात ४ लाख कोटींहून जास्त फोटो, आणि दर आठवड्याला २८०० कोटी नवे फोटो-व्हिडिओ. एवढा पसारा कुणी किती वर्षं फुकट सांभाळणार? बरं, ही १५ जीबी एकट्या फोटोंची नाही. जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो यांची सामायिक आहे. अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअपही २०२४ पासून त्यात धरला जाऊ लागला. ॲपलच्याच सेटिंगमधल्या अंदाजाप्रमाणे ४के व्हिडिओचं एक मिनिट, सेकंदाला ३० चित्रं धरली तर, सुमारे १७० एमबी घेतं. म्हणजे दीड तासाची एक मुंज मूळ दर्जात वर चढवली की १५ जीबी संपली.

संपल्यावर काय होतं, ते फार कमी जणांना माहीत असतं. फोटोंचा बॅकअप थांबतो हे अपेक्षितच. पण जागा सामायिक असल्यामुळे जीमेलवर नवी पत्रंही येईनाशी होतात आणि पाठवणाऱ्याकडे परत जातात. मुंजीच्या व्हिडिओपायी मुलाखतीचं पत्र चुकू शकतं. आणि मर्यादेच्या वर दोन वर्षं राहिलात तर साठवलेलं काढून टाकण्याचा हक्क गुगलने आपल्या अटींमध्ये राखून ठेवला आहे.

अटी बदलणारं गुगल एकटं नाही. फ्लिकरने २०१३ मध्ये प्रत्येकाला १ टीबी फुकट दिली. २०१८ मध्ये स्मगमग या कंपनीने फ्लिकर विकत घेतलं आणि फुकट खात्यांना १००० फोटोंची मर्यादा घातली. कोडॅकची ऑनलाइन गॅलरी २०१२ मध्ये बंदच झाली. दोन्ही वेळा लोकांना मुदत दिली गेली होती. पण मुदतीची सूचना येते ती ईमेलवर, आणि ती वाचणारे किती?

शेअर केलेल्या अल्बमचीही एक गोष्ट सांगायला हवी. न्यू जर्सीतला मुलगा नातवाचे फोटो अल्बममध्ये टाकतो, साताऱ्यात आजी रोज बघते. आजीच्या दृष्टीने ते ‘आपल्या फोनमधले’ फोटो. प्रत्यक्षात ते मुलाच्या खात्यात आहेत आणि तिथून त्याने काढले की आजीकडेही दिसायचे बंद. आवडलेला फोटो आजीने स्वतःच्या लायब्ररीत सेव्ह करून घ्यायला हवा. मग मात्र तो तिच्या १५ जीबीत मोजला जातो.

तर या सगळ्यात स्वतःच्या हातात काय ठेवायचं? पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने लोकप्रिय केलेला नियम आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी. धंदेवाईक माणसासाठी तो ठीक आहे. घरगुती माणसाला तेवढा व्याप झेपत नाही आणि झेपत नाही म्हणून तो काहीच करत नाही. त्यापेक्षा एक हार्ड डिस्क घ्यावी, वर्षातून एकदा, हवं तर दिवाळीच्या आवराआवरीत, फोटो तिच्यावर उतरवावेत आणि ती काढून ठेवून द्यावी. कशालाही जोडलेली नसणं हाच तिचा गुण. पुसल्याची कोणतीही नोंद तिच्यापर्यंत पोचत नाही. लग्नाच्या फोटोग्राफरने दिलेल्या पेनड्राइव्हवर मात्र विसंबू नये. वर्षानुवर्षं वीज न मिळालेल्या पेनड्राइव्हमधला मजकूर विरू शकतो.

गुगलमधून सगळे फोटो एकत्र खाली उतरवायची सोय टेकआउट नावाची आहे. अर्ज केल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी, झिप फाइलींचे दुवे ईमेलवर येतात आणि साधारण आठवड्यात बाद होतात. त्यात प्रत्येक फोटोबरोबर जेसन नावाची एक छोटी फाइल असते. लोक तिला कचरा समजून टाकून देतात. ती टाकू नये. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोतली मूळ तारीख निघून गेलेली असते. आत्याच्या लग्नाचा जुना कृष्णधवल फोटो मोबाइलने टिपला की त्यावर आजची तारीख बसते. तुम्ही गुगल फोटोजमध्ये बसून चिकाटीने या तारखा दुरुस्त केल्या असतील, तर ती दुरुस्ती फोटोच्या फाइलमध्ये उतरत नाही. ती त्या जेसनमध्ये असते.

राहिला तो प्रश्न जो एका वाचकाने जरा संकोचानेच विचारला होता: खातं ज्याचं आहे तोच नसेल तर? दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं आतल्या फोटोंसकट काढून टाकता येईल, असं धोरण गुगलने २०२३ च्या डिसेंबरपासून लागू केलं. ती वेळ येण्याआधीच आपण ‘इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’मध्ये जाऊन ठरवू शकतो की ३, ६, १२ किंवा १८ महिने खातं निपचित राहिलं तर कुणाला कळवायचं आणि त्यांना कायकाय उतरवून घेऊ द्यायचं. नाव घालताना त्या व्यक्तीचा मोबाइल नंबर चालू आहे ना ते पाहा. ओळख त्याच नंबरवर पटवली जाते. ॲपलकडे २०२१ च्या अखेरीपासून ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ आहे. त्यात निवडलेल्या व्यक्तीसाठी एक कळ तयार होते, ती कागदावर छापून एलआयसीच्या कागदपत्रांबरोबर ठेवता येते. वेळ आल्यावर ती कळ आणि मृत्यूचा दाखला, दोन्ही द्यावे लागतात.

(पुढच्या आठवड्यात : व्हॉट्सॲपचा बॅकअप आणि बदललेला फोन नंबर)