शिकार संपली, रायफल उरली

शिकारीच्या जुन्या रायफलींपैकी अर्धस्वयंचलित रायफल युरोप-अमेरिकेतील संग्राहकांना मोलाची वाटते, तर भारतीय कायदा तिच्याकडेच सर्वाधिक संशयाने पाहतो. शिकारीची राजेशाही परंपरा मिरवलेल्या आणि आज जागतिक दर्जाचे नेमबाज घडवणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्याच्या संदर्भात या रायफलीचा विचार केला, तर असे दिसते की तिच्यापाशी जो गुण होता, त्याची इथल्या शिकारीला फारशी गरजच नव्हती. एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, मात्र रिकामी पुंगळी बाहेर फेकणे, नवे काडतूस नळीच्या मागच्या घरात बसवणे आणि पुढच्या बारासाठी सज्ज होणे ही कामे बंदूक स्वतःच उरकते, म्हणून तिला अर्धस्वयंचलित म्हणायचे. चाप दाबून धरला असेपर्यंत गोळ्या सुटतच राहतात ती पूर्ण स्वयंचलित, आणि ती कोठेही शिकारीचे हत्यार मानली गेलेली नाही.

काडतूस फुटले की गोळी पुढे जाते आणि तितक्याच जोराचा रेटा मागे येतो. हा वाया जाणारा रेटा कामाला लावण्याची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रुजली आणि पुढच्या दशकात शिकारीच्या रायफलींत उतरली. टी. सी. जॉन्सन या अभियंत्याने विंचेस्टर कंपनीसाठी १९०५, १९०७ आणि १९१० ची जी मॉडेले रचली, त्यांत नळीचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट कोठेही अडकवलेला नसतो, केवळ स्वतःच्या वजनाने आणि स्प्रिंगच्या ताकदीने तो जागेवर राहतो. त्यामुळे गोळी नळीबाहेर पडेपर्यंत तो फार मागे सरकू नये यासाठी पुढच्या लाकडी मुठीच्या आत चांगलेच जड लोखंड दडवावे लागले, आणि दिसायला आटोपशीर वाटणारी ही रायफल हातात घेतली की साडेतीन किलोंच्याही पुढे भरते. तिच्या बोल्टला बाजूला दांडी नसते. नळीखाली, मुठीच्या टोकाशी बाहेर डोकावणारी एक छोटी दांडी तळहाताने आत रेटली की पहिले काडतूस भरले जाते. मागे येणाऱ्या या वजनाचा धक्का झेलण्यासाठी आत फायबरची एक चकती असते, ती शंभर वर्षांत ठिसूळ होऊन भुगा झालेली असण्याचा संभव मोठा, आणि ती नसताना बार काढत राहिले तर धातूचा सांगाडा तडकू शकतो. म्हणून अशी रायफल विकत घेणारा जाणकार नळीच्या आधी ही चकती पाहतो.

जॉन ब्राउनिंग याने दुसरा मार्ग शोधला. १९०० साली पेटंट मिळालेली आणि १९०६ पासून रेमिंग्टन कंपनीने विकलेली त्याची रायफल, जी पुढे मॉडेल ८ म्हणून ओळखली गेली, तिच्यात बोल्ट नळीला पक्का जखडलेला असतो आणि बार उडाल्यावर नळी व बोल्ट दोन्ही मिळून एका बाहेरच्या आवरणनळीत शेवटपर्यंत मागे जातात. तेथे बोल्ट अडकून राहतो, नळी एकटी पुढे परतते, मधल्या मोकळ्या जागेतून पुंगळी उडते आणि मग बोल्ट नवे काडतूस घेऊन पुढे येतो. इतकी घालमेल होऊनही ती विश्वासार्ह ठरली, १९३६ मध्ये मॉडेल ८१ या सुधारित रूपात आली आणि १९५० पर्यंत बनत राहिली. नळीतल्या वायूचा थोडा अंश वळवून त्याच्या दाबाने बोल्ट मागे ढकलणारी तिसरी पद्धत शिकारीच्या रायफलींत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली.

या रायफली मुख्यतः अमेरिकेच्या जंगलांतील हरणांसाठी होत्या. झाडीतून क्षणभर दिसून पळणाऱ्या हरणावर झटपट दुसरा आणि तिसरा बार टाकता यावा, हा त्यांचा हेतू होता आणि त्यांची काडतुसेही त्याच बेताची, मध्यम ताकदीची होती. भारतातल्या बड्या शिकाऱ्यासमोर वाघ, गवा, अस्वल अशी जनावरे असत, आणि तेथे पाच बारांच्या वेगापेक्षा दोन बारांची खात्री अधिक महत्त्वाची होती. दोन नळ्या, दोन स्वतंत्र घोडे आणि मध्ये बिघडण्यासारखे काहीच नाही, अशी दुनळी रायफल म्हणूनच संस्थानिकांची आवडती राहिली. ज्यांना ती परवडत नसे ते बोल्ट हाताने मागे-पुढे करायची मॅगझिन रायफल वापरत. जिम कॉर्बेट यांच्याकडे ०.२७५ रिग्बी ही बोल्टची रायफल होती आणि जोडीला एक दुनळीही होती. शिवाय उष्ण प्रदेशात दारूचा दाब वाढतो म्हणून भारतासाठीच्या काडतुसांत ब्रिटिश कारखानदार दारू कमी भरत असत. प्रत्येक बाराच्या दाबावर जिची पुढची हालचाल अवलंबून आहे अशा यंत्रणेला असा फरक मानवणारा नव्हे.

कोल्हापुरात तर बंदुकीला शिकारीच्या मध्यभागी पूर्ण जागाही कधी मिळाली नाही. राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) हे पट्टीचे शिकारी होते, पण घोड्यावरून भाल्याने रानडुक्कर मारणे आणि शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडणे हे तेथील दोन गाजलेले प्रकार होते. भारतातले चित्ते दुर्मीळ झाल्यावर कोल्हापूर आणि भावनगर या संस्थानांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले. डोळ्यांवर टोपी चढवून गाडीतून माळावर नेलेला चित्ता कळप दिसताच टोपी काढून सोडला जाई, आणि त्याला सांभाळणारे, शिकवणारे चित्तेवान ही दरबारातली मानाची माणसे होती. फासेपारध्यांनाही महाराजांनी नोकरीत घेतले होते. या सगळ्या व्यवस्थेत कौशल्य जनावराचे आणि माणसाचे होते. रायफल लागे ती गव्याच्या किंवा वाघाच्या हाक्यात, जेथे हाकारे रान उठवत आणि मचाणावरच्या माणसाला बहुधा एकच नीट संधी मिळे. न्यू पॅलेसमधील शहाजी छत्रपती वस्तुसंग्रहालयात शस्त्रे आणि पेंढा भरलेली जनावरे एकाच छताखाली मांडलेली आहेत. पाहणारे बहुतेक वाघापाशीच घुटमळतात, पण शिकारीचा इतिहास समजून घ्यायचा तर शस्त्रांपुढे थांबणे अधिक उपयोगाचे आहे.

भारतातील जुन्या रायफलींच्या नळीची मापे वेगळी का, याचे कारण राजकीय आहे. लष्करी काडतूस बंडखोरांच्या हाती पडू नये म्हणून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ब्रिटिश सरकारने ०.४५० मापाच्या खासगी रायफलींवर भारतात बंदी आणली. त्यावर उपाय म्हणून इंग्लंडच्या बंदूक-कारखानदारांनी ०.४६५, ०.४७० अशी नवी मापे काढली आणि तीच पुढे नामांकित झाली. थ्री नॉट थ्री हे सैन्याचे माप असल्याने तेही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर राहिले. स्वतंत्र भारतात सरकारी आयुध कारखान्यांची ०.३१५ बोअरची बोल्ट रायफल परवानाधारकांत सर्वपरिचित झाली, हे त्याच जुन्या धोरणाचे फलित म्हणता येईल.

अर्धस्वयंचलित रायफलीची वाट मात्र १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने आणि त्याखालच्या नियमांनी जवळपास बंद केली. या नियमांच्या अनुसूचीत पिस्तूल-रिव्हॉल्व्हर, साध्या रायफली, छऱ्याच्या बंदुका असे वर्ग पाडलेले आहेत, आणि अर्धस्वयंचलित रायफल त्यांतल्या सर्वांत कडक, पहिल्या वर्गात येते. तिच्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची सही पुरत नाही, केंद्र सरकारची खास परवानगी लागते. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खासगी आयातही जवळपास थांबली, त्यामुळे त्यापूर्वी देशात आलेल्या परदेशी बंदुकांचे भाव चढे राहिले. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. आजोबांची बंदूक नातवाकडे यावी यासाठी २०१६ च्या नियमांत वारसाची तरतूद आहे; परवानाधारकाच्या मृत्यूनंतर, तसेच त्याचे वय सत्तर झाल्यावर किंवा त्याने बंदूक पंचवीस वर्षे बाळगल्यावर कायदेशीर वारसाच्या नावे परवाना मागता येतो. जी बंदूक कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोलाची आहे आणि दुरुस्त करूनही चालणार नाही, ती कायद्याच्या कक्षेबाहेर राहते. जी अजून उडते ती कितीही जुनी असली तरी बंदूकच. ही रेषा वाजवी आहे, कारण जुनेपणाने गोळीची ताकद कमी होत नाही.

परवाना हाती असला तरी जंगलात बार काढण्याचा हक्क मात्र त्याने मिळत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा असून १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची शिकारही संपुष्टात आली; माणसाच्या जिवाला किंवा पिकाला धोकादायक ठरलेल्या प्राण्याबाबत ठरलेल्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी घेऊनच कारवाई करता येते. दाजीपूरचे जे रान कोल्हापूरच्या राजांसाठी राखीव होते, ते १९५८ मध्ये गव्यांचे अभयारण्य झाले आणि १९८५ मध्ये राधानगरी अभयारण्य म्हणून विस्तारले. राधानगरी, भुदरगड, आजरा या भागांत आज गवे शेतात उतरतात, ऊस आणि भात तुडवतात, आणि पीकसंरक्षणासाठी परवाना घेतलेली बाराबोरची दुनळी घराच्या कपाटात असूनही शेतकऱ्याला फटाक्यांवर आणि वनखात्याच्या भरपाईवरच भिस्त ठेवावी लागते. निवडणूक लागली की तीही बहुधा पोलीस ठाण्यात जमा होते.

कपाटातल्या जुन्या रायफलीचा खरा शत्रू म्हणजे सह्याद्रीचा पाऊस. जुन्या काडतुसांच्या टोपीत क्लोरेटयुक्त रसायन असे आणि बार उडाल्यावर नळीत त्याचे मिठासारखे क्षार उरत. ते हवेतला ओलावा ओढून घेतात आणि आठवडाभरात नळीच्या आतल्या चकाकत्या सर्पिल खाचा लाल पडतात. नुसते तेल लावून हे क्षार जात नाहीत, आधी गरम पाण्याने नळी धुवावी लागते, मग कोरडी पुसून तेलाचा हात फिरवायचा. रेमिंग्टनच्या आवरणनळीत किंवा विंचेस्टरच्या मुठीत शिरलेला ओलावा तर बाहेरून दिसतही नाही, त्यामुळे या जातीच्या रायफली पूर्ण सुट्या केल्याखेरीज साफ झाल्या असे मानता येत नाही.

बार काढण्याची विद्या कोल्हापुरात रेंजवर गेली. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या, आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचे कांस्यपदक ४५१.४ गुणांनी मिळवले. कुसळे राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे, म्हणजे दाजीपूरच्या रानाचा जो तालुका, त्याच तालुक्याचे. त्यांची रायफल पॉइंट २२ ची असून तिच्यात प्रत्येक काडतूस हाताने एकेक भरावे लागते, कारण या प्रकारात नियमच तसा आहे, १०.४ मिलिमीटर व्यासाच्या मधल्या वर्तुळाला गाठताना भरण्याचा वेग उपयोगी पडत नाही. स्वतः भरणारी यंत्रणा लागते ती कोल्हापूरच्याच नेमबाज राही सरनोबत यांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात. तेथे पिस्तूल एकाच हातात धरायचे असते, लक्ष्य तीन सेकंद समोर येऊन सात सेकंद वळते, आणि अशा पाच फेऱ्यांत पाच गोळ्या सोडायच्या असतात. दुसरा हात बोल्टला लावायची सोयच नसल्याने जॉन्सन आणि ब्राउनिंग यांनी हरणांच्या शिकारीसाठी वापरलेलेच तत्त्व येथे अपरिहार्य ठरते. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात राही यांनी सुवर्णपदक जिंकले आणि नेमबाजीत असे पदक मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. शिकारीच्या रायफलीला जी सूट कायदा देत नाही, ती नामांकित खेळाडूंना तो स्पर्धेच्या पिस्तुलासाठी आणि काडतुसांसाठी देतो, आयातीसह.