माळ आधी की कुऱ्हाड आधी?

निलगिरीच्या पठारावर एक विचित्र दृश्य दिसतं. टेकड्यांच्या पाठी गवताने मऊ झालेल्या, आणि त्यांच्या घळींमध्ये गच्च, बुटकी, शेवाळलेली झाडी. या झाडीला तिथे ‘शोला’ म्हणतात. दोन्हींमधली सीमा इतकी रेखीव, की वाटावं कुणीतरी मुद्दाम आखली. १८१९ मध्ये इंग्रज अंमलदार जॉन सलिव्हन तिथे पोहोचला. त्याच्यानंतर आलेल्या अंमलदारांना ते गवत म्हणजे वाया गेलेली जमीन वाटली. एके काळी सगळं जंगल असणार, तिथल्या पशुपालक तोडा लोकांच्या म्हशींनी आणि वणव्यांनी ते संपवलं असणार, असा तर्क रुजला. मग त्या गवतावर ऑस्ट्रेलियातून आणलेले वॅटल आणि युकॅलिप्टस उभे राहिले.

वनाधिकाऱ्यांतही एकमत नव्हतं. १९३८ मध्ये सी. आर. रंगनाथन यांनी मांडलं की, उघड्यावर गोठणारं हिवाळी दहिवर शोल्याची रोपं मारतं, म्हणून गवत हेच तिथलं नैसर्गिक रूप आहे. त्याच वर्षी एन. एल. बोर यांनी बोट दाखवलं ते आगीकडे. दोघेही आजचं पाहून कालचं सांगत होते. साक्षीदार मात्र खाली दलदलीत होता.

ऊटीजवळच्या सँडीनल्लासारख्या खोलगट जागी पाणी साचतं, गवत-लव्हाळी पुरती कुजत नाहीत आणि थरावर थर चढून काळं पीट तयार होतं. वाऱ्याने आलेले परागकण त्यातच अडकतात. परागाचं बाह्यकवच स्पोरोपोलेनिन नावाच्या अतिशय चिवट द्रव्याचं असतं. नळीने उपसलेल्या पीटच्या दांड्यातून इंच-इंच नमुने घेऊन ते अल्कलीत उकळतात, वाळूचे कण हायड्रोफ्लोरिक आम्लात विरघळवतात, मग उरलेलं सेल्युलोज दुसऱ्या आम्लांनी काढून टाकतात. एवढ्या छळातूनही पराग शाबूत राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली गवताचा कण गोल, गुळगुळीत आणि कडेला एकच छिद्र असलेला दिसतो. असे शेकडो कण ओळखून मोजायचे आणि थराचं वय कार्बन-१४ने ठरवायचं. थरांनुसार अशा टक्केवारीचे आलेख स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये मांडले, तिथून ही शाखा उभी राहिली.

निलगिरीच्या पीटमध्ये हजारो वर्षं मागे गेलं तरी गवताचा पराग भरपूर सापडला. पण यावर एक रास्त शंका घेता येते आणि मला ती फार महत्त्वाची वाटते. शोल्यात दालचिनीच्या कुळातली झाडं बरीच, आणि त्यांच्या परागाचं कवच इतकं पातळ की ते गाळात टिकतच नाही. शिवाय कीटकांवर विसंबणारी झाडं पराग मुळात थोडाच सोडतात. म्हणजे जंगल असूनही मोजणीत दिसलं नसेल तर?

उत्तर कार्बनने दिलं. उष्ण प्रदेशातली बरीच गवतं ज्या पद्धतीने अन्न बनवतात, तिला सी-४ म्हणतात. झाडं जवळजवळ सगळी सी-३. दोन्हींच्या देहात जड कार्बनचं प्रमाण वेगळं असतं, आणि कुजल्यावरही ती खूण पीटमध्ये राहते. रमण सुकुमार आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये निलगिरीच्या पीटचा हा हिशोब मांडला. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, तिथे सी-४चं वर्चस्व होतं. हवा कोरडी होती, पाऊस कमी. सुमारे ११ हजार वर्षांपूर्वी पावसाळा बळावला तेव्हा सी-३ वनस्पती वाढल्या, आणि पुढे कोरड पडली तशा पुन्हा घटल्या. गवत आणि झाडी यांची सीमा हवामानाबरोबर पुढे-मागे सरकत राहिली. गवताचं राज्य तिथे शेतीपेक्षा जुनं आहे. तोडा लोकांवरचा आरोप निराधार ठरतो आणि पठारावरची खरी तोड-मोड नंतरच्या लागवडीने केली, हे मी ठामपणे म्हणेन.

आपल्याकडच्या माळांवरही ‘पडीक’ असा शिक्का बसतो. माळढोक पक्ष्याला जागा लागते ती याच उघड्या माळाची, नान्नजच्या माळासारखी. दख्खनवर मात्र परागाचा पुरावा सहज हाती येत नाही. उन्हाने तापून भेगाळणाऱ्या काळ्या जमिनीत हवा शिरते आणि पराग सडतो. त्याला सतत ओल आणि प्राणवायूचा अभाव हवा. अशी जागा बुलढाण्यात आहे: लोणारचं खारं सरोवर. त्याच्या तळातून काढलेल्या सुमारे १० मीटर गाळात जवळपास ११ हजार वर्षांची नोंद आहे. त्यात दोन दीर्घ कोरडे कालखंड दिसतात, एक ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा, दुसरा २,००० ते ६०० वर्षांपूर्वीचा. त्या काळात भोवतालच्या रानाचं काय झालं, हे विचारायला विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवर आपल्यापाशी इतकं चांगलं दप्तर आहे.