लॅक्स्टनचे शिवार आणि त्याचे बारा पंच

इंग्लंडच्या नॉटिंगहॅमशायरमधील लॅक्स्टन या खेड्यात बाहेरून येणाऱ्यास प्रथमदर्शनी असामान्य असे काही आढळत नाही. संत मायकेलचे जुने चर्च, नॉर्मन सरदारांच्या गढीचा गवताने झाकलेला उंचवटा आणि लाल विटांची घरे, एवढाच गावचा पसारा. परंतु ही घरे शेतकऱ्यांची असून शेताशेतांतून न विखुरता एकाच पांढरीत रस्त्याच्या दुतर्फा वसली आहेत, याचे कारण शोधू गेल्यास आपण गावच्या काळीत जाऊन पोचतो.

मध्ययुगीन पद्धतीप्रमाणे या काळीचे तीन विस्तीर्ण, बिनकुंपणाचे विभाग आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड व साउथ फील्ड. प्रत्येक खातेदाराच्या पट्ट्या तिन्हींत विखुरलेल्या असतात, म्हणजे कसदार माती एकाच्या आणि हलकी दुसऱ्याच्या वाट्यास येत नाही. एका विभागात शरद ऋतूत पेरलेला गहू, दुसऱ्यात वसंतातील पीक व तिसरा पड, असा क्रम पाळीपाळीने फिरे. आणि सर्वांनी तो एकदम पाळल्याखेरीज ही व्यवस्था चालणेच शक्य नव्हते.

१६३५ साली सर विल्यम कोर्टेन या जमीनदाराने मार्क पिअर्सकडून मोजणी करवून नकाशा काढविला. त्यात पट्टी न् पट्टी तर आहेच, शिवाय नांगरणारी व कापणी करणारी माणसेही चितारली आहेत. आज तो ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयात आहे. याच कोर्टेनच्या व्यापारी मंडळीची जहाजे १६३६ मध्ये गोव्याच्या बंदरास लागली होती, हे मराठी वाचकास सांगितलेच पाहिजे.

अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांत पार्लमेंटच्या हजारो कायद्यांनी देशभरची अशी शिवारे कुंपणांनी तोडली गेली, व गोरगरिबांची सामाईक चराईची वहिवाट बुडाली. ग्रामीण इंग्लंडवर याहून मोठा आघात क्वचितच झाला असेल. लॅक्स्टन वाचले, त्यास दोन बड्या जमीनदारांचे एकमेकांशी न जमणे बरेचसे कारण झाले. तथापि ते टिकविले मात्र रयतेने.

त्याची रीत अशी. नोव्हेंबरच्या अखेरीस गव्हाची पेरणी आटोपली की गावचे बारा पंच ट्रॅक्टरमागील गाडीत बसून त्या विभागात जातात. लाकडी खुंट ठोकून पट्ट्यांच्या हद्दी पक्क्या करतात. आणि कोणाचा नांगर सामाईक वाटेत, अथवा ‘साइक’ म्हणविणाऱ्या, ओलीमुळे कधीच न नांगरलेल्या गवताळ पट्ट्यांत शिरला आहे काय, हे डोळ्यांनी पाहतात. दोषी शेतकरी बहुधा त्यांचा शेजारीच असतो, क्वचित पंचांपैकीही असतो. तरी नोंद होतेच. पुढील आठवड्यात डव्हकोट या खानावळवजा मद्यगृहात, मालकाच्या कारभाऱ्यासमोर, ‘कोर्ट लीट’ हे न्यायासन भरते व तेथे दंड मुक्रर होतो. दंडाची रक्कम किरकोळ असेल. पण आपण बांध कोरला हे साऱ्या गावादेखत ऐकून घेणे किरकोळ नव्हे, आणि या व्यवस्थेचे खरे बळ मला यातच दिसते.

गावची मालकी १९५२ मध्ये अर्ल मॅनव्हर्सच्या घराण्याकडून सरकारच्या शेतकी खात्याकडे, १९८१ मध्ये क्राउन इस्टेटकडे आणि २०२० मध्ये त्याच जुन्या घराण्याच्या थोर्स्बी इस्टेटकडे गेली. प्रत्येक मालकाने हे न्यायासन चालू ठेवले, व दरसाल त्याच बैठकीत पुढील वर्षी पेरावयाच्या विभागाचे पंच नेमून त्यांना शपथ देण्यात येते.