दारावरचे अनोळखी पाहुणे

घराला इंटरनेट पुरविणारी ती लहानशी पेटी, म्हणजे राउटर, ही आपल्या घराची देवडीच होय. कोणाला आत घ्यायचे नि कोणाला दारातूनच परत लावायचे, हे तिच्यातली फायरवॉल ठरविते आणि पुष्कळ राउटरांत त्याची वहीही लिहिली जाते. ही वही सहसा कोणी उघडीत नाही. आमच्या शेजारच्या वहिनींनी उघडली आणि त्यांची झोप उडाली. एका रात्रीत दोनशेवर अनोळखी पत्ते!

“भावजी, हॉलंडच्या माणसाचे आमच्याकडे काय काम हो? बाळाच्या पाळण्यावर कॅमेरा आहे आमच्या!”

मी वही पाहिली. प्रत्येक ओळीत वेळ, पाठविणाराचा पत्ता, कोणत्या क्रमांकाचे दार ठोठावले ते आणि शेवटी एक शब्द: ‘अडविले’. वाचकहो, हा शेवटचा शब्द आधी वाचावा! वहिनींवर कोणी डोळा ठेवून नव्हते. चार आकड्यांचे जुन्या पद्धतीचे पत्ते साऱ्या जगात सुमारे ४२९ कोटी. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी एकाच यंत्रावरून त्यांतले सारे सार्वजनिक पत्ते पाऊण तासाच्या आत ठोठावून दाखविले. आज असे ठोठावणारे कितीतरी आहेत. त्यांत अभ्यासक आहेत तसे चोरही आहेत. शिवाय पत्ता हॉलंडचा म्हणून माणूसही तिथलाच, असे मुळीच नाही. तिथली यंत्रे कोणालाही भाड्याने मिळतात.

मला खटकला तो वेगळाच पत्ता. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते घरातल्या घरात वापरायचे असतात. बाहेर जाणाऱ्या नोंदींत असा एक पत्ता रात्रभर जगभरच्या २३ क्रमांकाच्या दारांवर थापा मारीत होता! वहिनींचा संशय तडक वरच्या खोलीतल्या भाडेकरू विद्यार्थ्यावर गेला. “तरीच रात्री दिवा जळत असतो!” त्या म्हणाल्या. दिवा परीक्षेचा होता. पण संशयाला परीक्षा कुठली कळते? मी राउटरमधली जोडलेल्या वस्तूंची यादी काढून पत्ता ताडून पाहिला. तो पाळण्यावरच्या कॅमेऱ्याचा निघाला.

२३ हे टेल्नेट नावाच्या जुन्या सोयीचे दार. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने कारखान्यातूनच आलेले सोपे पासवर्ड वापरून लाखो कॅमेरे नि राउटर याच दाराने ताब्यात घेतले आणि त्यांच्याकरवी पुढची सावजे हुडकली. त्या वर्षीच्या २१ ऑक्टोबरला अशाच पछाडलेल्या यंत्रांच्या हल्ल्याने ट्विटरसारखी बडी संकेतस्थळे अमेरिकेत काही तास उघडेनाशी झाली. आमच्या या कॅमेऱ्याने तर राउटरला सांगून बाहेरून आत येण्याचे दार आपणच उघडवून घेतले होते.

ते दार मी बंद केले, दार आपोआप उघडून देणारी राउटरमधली सोयही बंद केली आणि कॅमेऱ्याची वायर काढली. मिराईच्या जातीचा उपद्रव वीज तोडली की पुसला जातो. मात्र जुनाच पासवर्ड ठेवून कॅमेरा पुन्हा उघड्यावर आणला, तर तो काही मिनिटांतच परत येऊ शकतो. काही कॅमेऱ्यांत तर टेल्नेटचा पासवर्ड बदलताच येत नाही. वहिनींचा त्यांतलाच निघाला. तो आता माळ्यावर आहे आणि पाळण्याशी आजी बसते.