तलाव बंद केला, तरी शेवाळ जागेच असते

मृग नक्षत्र जवळ आले, की कळंगुटपासून पाळोळेपर्यंतच्या किनारपट्टीवरील कित्येक लहान हॉटेले आणि भाड्याने दिले जाणारे बंगले आवराआवर सुरू करतात. खुर्च्या आत जातात, वीजजोडण्या तपासल्या जातात आणि जलतरण तलावात क्लोरीनची नेहमीपेक्षा मोठी मात्रा टाकून पंप बंद केला जातो. ऑक्टोबरमध्ये फाटक उघडल्यावर तलावाचा तळ दिसत नाही. क्लोरीन कमी पडले, असा निष्कर्ष मग निघतो. बहुधा तो अपुरा असतो.

मुळात मोसम संपला की तलाव ‘बंद’ करण्याची पद्धत थंड प्रदेशांतली आहे. तेथे हिवाळ्यात पाणी दहा अंशांखाली उतरते आणि शेवाळाची वाढ मंदावते. गोव्यात जुलैच्या मुसळधार पावसातही तलावाचे पाणी कोमटच राहते. शंभर इंचांहून अधिक पडणारा पाऊस क्लोरीन पातळ करतो, झाडांचा पाला आणि माती तलावात आणतो. शेवाळाला आणखी काय हवे?

क्लोरीन किती टाकले, यापेक्षा ते कोणत्या पाण्यात टाकले हे महत्त्वाचे. पाण्यात त्याची दोन रूपे होतात. त्यांपैकी हायपोक्लोरस आम्ल हे खरे मारक. सामू 7.5 असताना क्लोरीनचा सुमारे निम्मा भाग या रूपात असतो. सामू 8 झाला की जेमतेम चौथा हिस्सा उरतो. म्हणून आधी सामू 7.2 ते 7.4 पर्यंत आणावा, मगच मोठी मात्रा द्यावी.

दुसरी अडचण गोळ्यांची. तरंगत्या डबीतील क्लोरीनच्या गोळ्या सोयीच्या खऱ्या, पण त्यांतून सायन्युरिक आम्लही पाण्यात उतरते. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवते, मात्र बाष्पीभवनाने उडून जात नाही. नोव्हेंबर ते मे गोळ्यांवरच काढले, तर ते साचत जाते. लिटरमागे 30 ते 50 मिलिग्रॅम ठीक. शंभरापलीकडे गेले की चाचणीत क्लोरीन दिसते, पण त्याचे काम मंदावते. यावर औषध नाही. काही पाणी काढून नवे भरणे एवढाच उपाय.

नवे पाणी विहिरीचे वा टँकरचे असेल, तर येथील जांभ्या मातीतले लोह त्यात असू शकते. क्लोरीन पडताच असे पाणी तांबूस किंवा हिरवट होते आणि तलाववाले घाबरून आणखी क्लोरीन ओततात. ओळख सोपी आहे: शेवाळ असेल तर भिंती बुळबुळीत लागतात, लोह असेल तर लागत नाहीत.

भिंती व पायऱ्या ब्रशने घासल्यावर, तळ स्वच्छ केल्यावर, सूर्यास्तानंतर मात्रा द्यावी. एक लाख लिटरच्या तलावात 65 टक्के क्षमतेची सुमारे दीड किलो पूड टाकली, तर लिटरमागे 10 मिलिग्रॅम क्लोरीन मिळते. रात्रभर पंप चालू ठेवावा. त्यानंतरही पंप रोज काही तास चालावा आणि आठवड्यातून एकदा तरी पाणी तपासले जावे. त्यासाठी माणूस ठेवण्याचा खर्च ऑक्टोबरमधल्या साफसफाईपुढे किरकोळ ठरतो. क्लोरीन संपलेल्या साचल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी तयार होते. आच्छादनावर साठलेल्या पाण्यातही तेच. त्याचा उपद्रव शेजाऱ्यांनाही होतो.

कटकट नको म्हणून तलाव रिकामा करणे तर अधिक धोक्याचे. भूजल वर आले, की रिकामी टाकी खालून उचलली जाते आणि तिला तडे जातात.

या कामात सर्वांत मोठी जोखीम मात्र औषधे हाताळणाऱ्या कामगाराची. सामू उतरवण्याचे आम्ल आणि क्लोरीनची पूड एकाच बादलीत गेली, तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. गोळ्यांचा चुरा आणि पूड एकत्र झाल्यास आग लागू शकते. पूड पाण्यात टाकावी. पुडीवर पाणी कधीही ओतू नये. आणि गळक्या छपराच्या पंपघरात अर्धी उघडी पिंपे ठेवून चार महिने कुलूप लावू नये.