फास्टॅग

फास्टॅग हे भारतातील महामार्गांवर वाहन उभे न करता पथकर (टोल) भरण्यासाठी वाहनाच्या समोरच्या काचेवर लावले जाणारे इलेक्ट्रॉनिक स्टिकर आहे. २०१४ मध्ये अहमदाबाद–मुंबई मार्गावर त्याचा प्रायोगिक वापर झाला. १ डिसेंबर २०१७ पासून नव्याने विकल्या जाणाऱ्या चारचाकी वाहनांना ते बंधनकारक झाले. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांवरील नाक्यांच्या सर्व मार्गिका फास्टॅगच्या झाल्या.

कार्यपद्धती

स्टिकरमध्ये सूक्ष्म चिप आणि धातूच्या पातळ पट्टीचा अँटेना असतो; बॅटरी नसते. नाक्यावरील वाचक यंत्रातून निघणाऱ्या रेडिओ लहरींतूनच चिपला लागणारी ऊर्जा मिळते व ती आपला ओळखक्रमांक परत पाठविते. स्टिकरमध्ये पैसे साठविलेले असतात हा सर्वसाधारण समज बरोबर नाही. पैसे बँकेतील संलग्न खात्यात असतात. नाक्याची बँक आणि वाहनधारकाची बँक यांच्यातील देवाणघेवाण भारतीय राष्ट्रीय भुगतान निगमाच्या यंत्रणेमार्फत होते. म्हणूनच अडचण आल्यास दोष काचेवर आहे की खात्यात, हे प्रथम पाहावे लागते.

बसविण्याची पद्धत

काच आतून स्वच्छ पुसून पूर्ण कोरडी करावी. आतल्या आरशाच्या मागे, काचेच्या वरच्या मध्यभागी स्टिकर आतील बाजूने चिकटवून सर्वत्र सारखे दाबावे. काही मोटारींच्या काचेवर उष्णतारोधक धातूचा थर असतो. तो लहरींना अडवितो. अशा काचेत आरशाजवळ थर नसलेला भाग बहुधा ठेवलेला असतो, स्टिकर तेथेच लावावे. एकदा लावलेले स्टिकर उपटून पुन्हा लावता येत नाही, कारण ओढताना अँटेना तुटतो. काच बदलल्यास नवे स्टिकर घ्यावे लागते. स्टिकर न चिकटविता हातात धरून दाखविण्याची सवय अनेकांना आहे. त्यामुळे शेजारच्या मार्गिकेतील यंत्राने ते वाचण्याचा धोका असतो, आणि असे स्टिकर काळ्या यादीत टाकण्याची तरतूदही आहे. एका वाहनाला एकच फास्टॅग वैध असतो.

वापर आणि दंड

शिल्लक संपल्यास किंवा ग्राहकओळखीची कागदपत्रे अपुरी असल्यास फास्टॅग काळ्या यादीत जातो. तो काचेवर दिसत असला, तरी नाक्याच्या दृष्टीने नसल्यासारखाच. १५ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार वैध फास्टॅग नसलेल्या वाहनाला रोखीने दुप्पट, तर यूपीआयने सव्वापट पथकर आकारण्याचे ठरले. म्हणजे शंभर रुपयांच्या जागी अनुक्रमे दोनशे किंवा सव्वाशे रुपये.

याची दुसरी बाजू फारशी कोणाला ठाऊक नसते, ती मात्र माहीत असायला हवी. फास्टॅग वैध असून खात्यात पुरेशी शिल्लक आहे, पण राष्ट्रीय महामार्गावरील नाक्याचीच यंत्रणा बंद आहे, अशा वेळी वाहनाला विनाशुल्क जाऊ द्यावे आणि शून्य रकमेची पावती द्यावी, असा नियम आहे. राष्ट्रीय महामार्गांवरील तक्रारींसाठी १०३३ हा मदतक्रमांक आहे.

वाहन विकताना जुना फास्टॅग बँकेकडून बंद करून घेणे आवश्यक असते. तसे न केल्यास नव्या मालकाच्या प्रवासाचे पैसे जुन्या मालकाच्या खात्यातून जात राहतात.

वार्षिक पास

१५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटार, जीप व व्हॅनसाठी ३,००० रुपयांचा पास सुरू झाला. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तेथे त्याची मुदत संपते. 'राजमार्गयात्रा' या ॲपवरून तो आहे त्याच फास्टॅगवर सुरू करता येतो. मात्र फास्टॅग चासी क्रमांकाशी नव्हे, तर वाहनाच्या नोंदणी क्रमांकाशी जोडलेला असावा लागतो.

महाराष्ट्रातील वाहनधारकांचा येथे अनेकदा गोंधळ होतो. हा पास केवळ राष्ट्रीय महामार्ग व राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्याच्या रस्ते विकास महामंडळाकडे असल्याने तेथे पास असूनही खात्यातून नेहमीचा पथकर वजा होतो.